मुलांचे प्रोजेक्ट आणि घरचे प्रश्न : मोफत, भरवशाचे रिसर्च डेटाबेस कुठे आहेत आणि कसे वापरायचे?

मुलुंडकरीण

नमस्कार मंडळी. लेक नववीत आहे, होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेची लेखी आणि प्रॅक्टिकल पार पडली, आता अ‍ॅक्शन रिसर्च प्रोजेक्ट करायचाय. विषय तिने स्वतः निवडला, ठाणे खाडीतले फ्लेमिंगो आणि भरती-ओहोटी. आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो, खाडी जवळच, त्यामुळे मला तर विषय फारच आवडला. पण पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका झेरॉक्सवाल्याचा नंबर फिरतोय, तो म्हणे तयार प्रोजेक्ट करून देतो, चित्रं, आलेख, संदर्भसूची, स्पायरल बाइंडिंग सगळं. हे मला अजिबात पटत नाही. मुलीने शोधाशोध करावी म्हणून तर हा टप्पा ठेवलाय ना, तोच विकत घ्यायचा तर मग स्पर्धेला बसायचंच कशाला.

अडचण अशी की शिक्षकांनी सांगितलंय, संदर्भ रिसर्च पेपरचे किंवा सरकारी अहवालांचे हवेत, बातम्या आणि यूट्यूब चालणार नाही. साध्या गूगलवर फ्लेमिंगो टाकलं की रील्स आणि पिकनिकच्या जागा येतात, आणि चुकून एखादा पेपर सापडलाच तर पहिला परिच्छेद वाचून होईस्तोवर पुढे तीस-चाळीस डॉलर भरा म्हणून पाटी. पोरगी हिरमुसली.

आत्तापर्यंत एक चांगली जागा सापडली ती सांगते. ईबर्ड नावाची साइट आहे, पक्षी बघणारे लोक तिथे आपापल्या नोंदी टाकतात, फुकट आहे. त्यात भांडुप पंपिंग स्टेशन हे ठिकाण उघडून बार चार्ट बघितला तर प्रत्येक महिन्याचे चार भाग केलेले दिसतात आणि कुठल्या आठवड्यात कुठला पक्षी किती वेळा नोंदला गेला ते हिरव्या पट्टीने कळतं. लेकीने त्यातून छोटा रोहित आणि मोठा रोहित, म्हणजे फ्लेमिंगोच्या दोन जाती, दोघांच्या पट्ट्या वहीत काढून घेतल्या, आणि मग तिनेच विचारलं की आई पट्टी जाड आहे म्हणजे पक्षी जास्त आहेत की बघणारे लोक जास्त आहेत? मला हा प्रश्न फार मोलाचा वाटला.

तर जाणकारांनी सांगा, शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी असे अजून कुठले डेटाबेस आहेत, फुकट आणि कायदेशीर? मराठीत काही आहे का? आणि घरातल्या मोठ्यांनी मुलांबरोबर बसून शोधायचं तर सुरुवात कुठून करायची?

ग्रंथपाल_परळ

मुलुंडकरीणताई, धागा काढलात ते फार बरं केलंत. मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे आणि रोज हेच बघते, मुलं हुशार असतात पण त्यांना दारं माहीत नसतात. जमेल तसं लिहिते, मोठं होईल.

आधी तुमच्या लेकीच्या प्रश्नाचं उत्तर, कारण प्रश्न खरोखर सुंदर आहे. ईबर्डची पट्टी म्हणजे त्या आठवड्यात नोंदवलेल्या याद्यांपैकी किती टक्के याद्यांमध्ये तो पक्षी होता, म्हणजे दिसण्याचं प्रमाण. पक्ष्यांची संख्या नव्हे. एक पक्षी दिसला काय आणि हजार दिसले काय, पट्टीत दोन्ही एकच. हे तिने प्रोजेक्टमध्ये लिहावंच, परीक्षकांना कळेल की हिने आकडा उचलून चिकटवलेला नाही. संख्या हवी असेल तर याद्या एकेक उघडून बघाव्या लागतील, किंवा लॉगिन करून मूळ डेटा मागता येतो, तोही फुकट.

आता पेपर. साध्या गूगलऐवजी गूगल स्कॉलर वापरा, २००४ पासून आहे पण आपल्याकडे अजून शाळांमध्ये कोणी सांगत नाही. तिथे एखादा पेपर आला आणि पैसे मागत असेल तर लगेच बंद करू नका. उजव्या बाजूला पीडीएफ असं लिहिलेलं आहे का बघा, नसेल तर खाली 'ऑल व्हर्जन्स' अशी लिंक असते ती दाबा, बऱ्याचदा लेखकाने स्वतःच्या विद्यापीठाच्या साइटवर तोच पेपर मोकळा ठेवलेला असतो. आणि 'सायटेड बाय' दाबलं की त्या पेपरनंतर कोणी कोणी त्याचा आधार घेतला ते कळतं, म्हणजे २००५ चा पेपर सापडला तरी त्याच धाग्याने आजपर्यंत येता येतं. ब्राउझरमध्ये अनपेवॉल नावाचं एक्स्टेन्शन टाकून ठेवा, मोकळी अधिकृत प्रत कुठे असेल तर ते आपोआप दाखवतं.

शोधताना पक्ष्याचं शास्त्रीय नाव टाका. छोटा रोहित म्हणजे फिनिकोनायस मायनर, काही पेपरांत फिनिकॉप्टेरस मायनर असंही असतं, दोन्ही टाकून बघा. त्याला जोडून ठाणे क्रीक अवतरणचिन्हात टाकलं की रील्स वगैरे सगळं गळून जातं.

तुमच्या विषयाला अगदी आपल्या मुंबईतलाच खजिना आहे तो म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं जर्नल. संस्था १८८३ ची, जर्नल १८८६ पासून निघतंय, आणि त्याचे जुने खंड बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या साइटवर स्कॅन करून ठेवलेत, कोणालाही फुकट. शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी मुंबईच्या आसपासच्या पक्ष्यांबद्दल काय लिहिलं ते नववीच्या मुलीने वाचणं, यासारखी गोष्ट नाही. सरकारी संदर्भ हवा असेल तर ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आली, रामसरच्या साइटवर प्रत्येक जागेचं माहितीपत्रक असतं, त्यात क्षेत्रफळ, प्रजाती, धोके सगळं दिलेलं असतं.

शोधगंगेबद्दल वेगळी पोस्ट टाकते, आता काउंटरवर गर्दी झालीय.

अवनी_टीवाय

वाखूसा (वाचनखूण साठवली)!! मी टीवायबीए सोशिऑलॉजी, गिरणी संपावर प्रोजेक्ट करतेय. जेस्टोर या जुन्या जर्नल्सच्या ऑनलाइन संग्रहाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. फुकट पर्सनल अकाउंट काढता येतं आणि दर ३० दिवसांत १०० लेख ऑनलाइन वाचता येतात. डाउनलोड होत नाहीत, स्क्रीनवरच वाचायचे, पण पदवीच्या प्रोजेक्टला १०० म्हणजे डोक्यावरून पाणी. आपल्या मुंबईतून निघणारं इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली, म्हणजे ईपीडब्ल्यू, त्याचे जुने अंक तिथे आहेत. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला आणि त्या वेळी लोक काय लिहीत होते ते थेट त्या वर्षीच्या लेखात वाचता येतं. घरी बाबा संपाच्या गोष्टी सांगतात, आजोबा लालबागला होते, पण छापील लेखात अडीच लाख कामगार हा आकडा वाचल्यावर बाबा स्वतः माझ्या शेजारी येऊन बसले आणि लेखातली गिरण्यांची नावं मोठ्याने वाचायला लागले.

एक सांगते, जेस्टोरवर मुंबई टाकून फार काही येत नाही, जुन्या लेखांसाठी बॉम्बे टाका. टेक्स्टाइल स्ट्राइक बॉम्बे टाकलं की धडाधड येतं.

ग्रंथपाल_परळ

अवनी, छान लिहिलंस. आता शोधगंगा.

आपल्या देशातल्या विद्यापीठांत पीएचडीचे जे प्रबंध होतात ते सगळे इथे जमा व्हावेत असा यूजीसीचा नियम २००९ पासून आहे, गांधीनगरची इन्फ्लिबनेट ही संस्था ते सांभाळते. लाखो प्रबंध आहेत, लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत. मुंबई विद्यापीठाचेही आहेत, पुण्याचे, कोल्हापूरचे, आणि मराठी विभागाचे प्रबंध तर मराठीतच आहेत, हे लक्षात घ्या, मराठीतलं संशोधन वाचायचं तर याच्याइतकी मोठी जागा मला माहीत नाही.

उघडल्यावर मुलं गोंधळतात कारण अख्खा प्रबंध एका फाइलीत नसतो. पहिली फाइल मुखपृष्ठ, मग प्रमाणपत्र, मग आभार, मग अनुक्रमणिका, मग एकेक प्रकरण असे तुकडे असतात. तर थेट दुसऱ्या प्रकरणाची फाइल उघडा, तिथे बहुतेक वेळा आधी झालेल्या संशोधनाचा आढावा असतो. आणि शेवटची संदर्भसूची. एखाद्या माणसाने चार-पाच वर्षं घालवून जमवलेली यादी म्हणजे शेजारच्या सुगरणीने वाणसामानाची यादी हातात लिहून द्यावी तसं आहे, स्वयंपाक आपला आपणच करायचा. उतरवून काढायचं नाही, हे मी प्रत्येक बॅचला सांगते आणि इथेही सांगते. मजकूर उचलला तर आता कॉलेजात सॉफ्टवेअर लावून तपासतात, पण पकडले जाल म्हणून नव्हे, तर ते दुसऱ्याच्या कष्टाचं आहे म्हणून.

कॉलेजच्या मुलांसाठी अजून एक. अनुदानित कॉलेजात असाल तर लायब्ररीत जाऊन एन-लिस्टचा आयडी मागा. इन्फ्लिबनेटचीच योजना आहे, कॉलेज सभासद असेल तर विद्यार्थ्याला स्वतःचा यूजर आयडी मिळतो आणि घरी बसून हजारो जर्नल्स आणि ई-पुस्तकं उघडतात. किती मुलं तीन वर्षं काढून बाहेर पडतात आणि त्यांनी आयडी मागितलेलाच नसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि सरकारी संस्थेत शिकत असाल तर वन नेशन वन सबस्क्रिप्शन आहे. २५ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलं, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स, जानेवारी २०२५ पासून चालू. केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्चशिक्षण संस्थांना लागू आहे. तुमची संस्था यादीत आहे का ते लायब्ररीत विचारा.

निलेश_कर्जतलोकल

छान माहिती. पण आमचं कॉलेज खाजगी विनाअनुदानित, एन-लिस्ट नाही, वन नेशन नाही, लायब्ररीत फक्त टेक्स्टबुकं. इंजिनीअरिंगला फायनल इयर प्रोजेक्टसाठी ज्या जर्नल्सचे पेपर लागतात ते सगळे पैसेवाले. सिनिअर्स सांगतात सायहब वापर, तिथे पैसेवाले पेपर प्रकाशकांना न विचारता फुकट देतात. वापरू का? खरं सांगायचं तर फीच एवढी भरलीय की अजून एका पेपरसाठी घरी पैसे मागायची लाज वाटते.

ग्रंथपाल_परळ

निलेश, तुझी अडचण खरी आहे आणि ती तुझ्या एकट्याची नाही. पण सायहबवर डिसेंबर २०२० मध्ये एल्सेव्हियर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी या प्रकाशकांनी दिल्ली उच्च न्यायालयात खटला घातला, त्यामुळे त्या वाटेला जा असं मी सांगणार नाही, आणि गरजही पडू नये. तुझ्या विषयात तर नाहीच, कारण कॉम्प्युटर, इलेक्ट्रॉनिक्स, गणित, फिजिक्सवाले आपले पेपर आधी आर्काइव्ह (arXiv) या साइटवर टाकतात, १९९१ पासून चालू आहे, सगळं फुकट. फक्त तिथले पेपर तज्ज्ञांनी तपासून छापलेले असतीलच असं नाही, म्हणून तोच पेपर पुढे कुठे प्रसिद्ध झाला का ते बघून तसा संदर्भ द्यायचा.

दुसरं, डायरेक्टरी ऑफ ओपन अ‍ॅक्सेस जर्नल्स. २००३ मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठात सुरू झाली, त्यात फक्त मोकळी जर्नल्स असतात, तिथे शोधलंस की पैशाची पाटी येण्याचा प्रश्नच नाही.

आणि तिसरा उपाय मुलं करतच नाहीत, लेखकाला मेल. पेपरच्या पहिल्या पानावर ज्याच्याशी संपर्क करायचा त्याचा मेल असतो. चार ओळी लिही, मी अमुक कॉलेजचा विद्यार्थी, अमुक प्रोजेक्ट करतोय, तुमच्या अमुक पेपरची प्रत मिळेल का. पेपर विकून येणारा पैसा लेखकाला मिळत नाही, त्याला आपलं काम कोणीतरी वाचतंय याचाच आनंद असतो, बरेच जण लगेच पाठवतात.

निलेश_कर्जतलोकल

मेलचं खरंच डोक्यात आलं नव्हतं. आज रात्री ड्राफ्ट करतो. धन्यवाद ताई.

वॉर्ड_ड्युटी

डॉक्टर आहे, म्हणून घरच्या आजारपणाच्या बाजूने लिहितो, कारण धाग्याच्या नावात घरचे प्रश्न पण आहेत आणि मला ओपीडीत रोज नातेवाईक मोबाइल पुढे करून दाखवतात, डॉक्टर हे बघा यात लिहिलंय. मला त्याचा राग येत नाही. माणूस आपल्या माणसासाठी धडपडतोय, त्याला योग्य ठिकाणी पाठवणं हे आमचं काम.

सुरुवात मेडलाइनप्लसपासून करा. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने सामान्य लोकांसाठी केलेली साइट आहे, साधी भाषा, जाहिराती नाहीत, औषधं, तपासण्या, आजार सगळं आहे. त्याच संस्थेचं पबमेड आहे, ते मात्र संशोधकांसाठी. कोट्यवधी पेपरांची नोंद आहे पण बऱ्याच ठिकाणी फक्त सारांश दिसतो, डाव्या बाजूला फ्री फुल टेक्स्ट असा चौकोन आहे त्यावर टिक केलं की पूर्ण वाचता येणारेच पेपर राहतात. तिथेच खाली सिस्टेमॅटिक रिव्ह्यू म्हणून दुसरा चौकोन आहे, तोही टिक करा. सिस्टेमॅटिक रिव्ह्यू म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास गोळा करून, पारखून काढलेला निष्कर्ष. सासूबाईंच्या गुडघ्याला अमुक गोळी चालते का असा प्रश्न असेल तर एका सुट्या पेपरपेक्षा हे शंभरपट भरवशाचं. कॉक्रेन लायब्ररीत असेच रिव्ह्यू असतात आणि प्रत्येकाचा साध्या भाषेतला सारांश कोणालाही फुकट वाचता येतो.

एका पेपरवर विसंबू नका असं का सांगतो, तर १९९८ मध्ये लॅन्सेटसारख्या नावाजलेल्या जर्नलमध्ये एमएमआर लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा पेपर आला होता. फक्त १२ मुलांवरचा. लॅन्सेटने तो २०१० मध्ये मागे घेतला, पण मधल्या बारा वर्षांत किती आईबापांनी घाबरून लस टाळली. अजूनही व्हॉट्सअ‍ॅपवर तो फिरतो, आणि अजूनही माझ्याकडे लहान बाळ घेऊन आलेली आई विचारते. म्हणून पेपर उघडल्यावर वर रिट्रॅक्टेड, म्हणजे मागे घेतलेला, असं लिहिलंय का ते आधी बघा, मग अभ्यास माणसांवर झालाय की उंदरांवर ते बघा, मग किती जणांवर. एवढं बघून प्रिंट काढून डॉक्टरांकडे घेऊन जा. स्वतः डोस बदलू नका, कृपा करा.

केळुसकर_काका

मी वय वर्षे सत्तरच्या पुढचा, टायपिंग सावकाश. नातवाने धागा दाखवला. आमचे पणजोबा कोकणातून प्लेगच्या सुमारास मुंबईत आले, परळला राहिले असे वडील सांगत. त्या काळची परळची, चाळींची, प्लेगची माहिती कुठे मिळेल का? नातवाला शाळेत कुटुंबाचा इतिहास असा प्रकल्प आहे. शिरगणतीत नाव मिळेल का?

जुनी_मुंबई

काका, नमस्कार. नावानिशी शिरगणती आपल्याकडे लोकांसाठी खुली नसते, जनगणनेचे फक्त एकूण आकडे मिळतात, त्यामुळे तिथे पणजोबांचं नाव शोधण्यात वेळ घालवू नका. पण त्या काळची परळ मात्र चांगलीच सापडेल.

पहिलं, गॅझेटिअर ऑफ बॉम्बे सिटी अँड आयलंड, तीन खंड, १९०९ आणि १९१०. इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन आहेत. वस्त्या, गिरण्या, पाणी, रोगराई, कुठली जात-जमात कुठे राहायची, सगळं आहे. लिहिणारे इंग्रज सरकारचे लोक, त्यामुळे वाचताना त्यांची नजर कुठली हे नातवाला समजावून सांगा, पण माहिती भरगच्च आहे.

प्लेगचं म्हणाल तर सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिला रुग्ण ओळखला, आणि १० जानेवारी १८९७ ला हाफकिन यांनी लस आधी स्वतःला टोचून घेतली, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. ज्यांच्या नावाची संस्था आजही परळला आहे तेच हे. त्या काळचे सरकारी अहवाल नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने ब्रिटिश इंडियाच्या वैद्यकीय इतिहासाचा संग्रह म्हणून ऑनलाइन ठेवलेत, आणि वेलकम कलेक्शनच्या साइटवर मुंबईच्या प्लेगचे फोटो आहेत. हॉस्पिटलातले रुग्ण आहेत, घरं धुऊन काढणाऱ्या टोळ्या आहेत. नातवाला दाखवताना तुम्ही शेजारी असा, काही फोटो बघवत नाहीत.

शोधताना जुनी इंग्रजी स्पेलिंगं टाकायला लागतात. परळच्या शेवटी एक एल की दोन, गिरगावच्या शेवटी एन की एम, प्रत्येक साहेबाने वेगळं लिहिलंय, सगळे प्रकार टाकून बघा. इंटरनेट आर्काइव्हवर मराठी जुनी पुस्तकंही हजारोंनी आहेत, पण डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या वेळी स्कॅन झालेल्यांची नावं रोमन लिपीत अशी वेडीवाकडी टाकलीत की नाव देवनागरीत टाकून काही मिळत नाही. लेखकाचं आडनाव रोमनमध्ये दोन-तीन तऱ्हांनी टाका, मिळतं.

राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल पोर्टल आहे, तिथे जुन्या सरकारी फायलींचे विषय शोधता येतात आणि बऱ्याच फायली स्कॅन करूनही ठेवल्यात. मुंबईत प्रत्यक्ष जाणार असाल तर काळाघोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्राचं पुराभिलेखागार आहे, १८२१ सालचं. एशियाटिक सोसायटी १८०४ ची, टाउन हॉलच्या पायऱ्या चढून वर, त्यांनी आपल्या संग्रहातलं बरंच जुनं साहित्य ग्रंथसंजीवनी नावाने ऑनलाइन आणलंय. आणि मराठीतलं हवं असेल तर दादर पूर्वेचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९८ चं, त्यांचा संदर्भ विभाग. तिथे बसून जुनी मासिकं चाळण्याचं सुख ऑनलाइन येत नाही, हे माझं प्रामाणिक मत.

केळुसकर_काका

फार उपकार झाले. हाफकिनच्या फाटकासमोरून आयुष्यभर बेस्टने गेलो. नातवाला घेऊन जाईन.

मनपाशाळा_बाई

सगळ्यांचं वाचलं, सगळं उत्तम आहे, पण माझ्या वर्गातलं सांगू का. मी महापालिकेच्या शाळेत शिकवते, मराठी माध्यम. घरात एकच मोबाइल, तोही बाबा कामावरून आल्यावर, रोजचा डेटा संपत आलेला, आणि इंग्रजीची भीती. या मुलांना पबमेड सांगून काय उपयोग? त्यांच्यासाठी मी जे करते ते लिहिते, इतर शिक्षकांना उपयोगी पडेल.

पहिलं ई-बालभारती. पहिलीपासूनची सगळी पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट. मुलांना वाटतं हे तर आपलंच पुस्तक, पण मी त्यांना अकरावी-बारावीची पुस्तकं उघडून दाखवते, आठवीच्या मुलाला खाडीबद्दल लिहायचं असेल तर वरच्या वर्गाच्या भूगोलात त्याच्याच भाषेत नीट मांडलेलं असतं. मग मराठी विश्वकोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी सुरू केलेलं ते अवाढव्य काम आज मोबाइलवर शोधता येतं, नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं, म्हणजे मुलांना संदर्भ कसा द्यायचा हे शिकवायलाही सोपं. जुन्या नोंदींमधले आकडे जुने असतात, तेवढं सांगून ठेवते.

नॅशनल डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया कोणीच लिहिलं नाही याचं आश्चर्य वाटलं. आयआयटी खरगपूरने केलंय, १९ जून २०१८ ला देशाला अर्पण झालं, आणि त्यात शाळेची इयत्ता, विषय, भाषा असं निवडता येतं. मराठी निवडलं की मराठीच दिसतं. काही ठिकाणी फक्त पुस्तकाची माहिती असते आणि पुस्तक दुसऱ्या साइटवर असतं, तेव्हा तिकडे जावं लागतं, पण शाळकरी मुलांसाठी सुरुवात करायला मला हीच जागा बरी वाटते.

डेटाचं काय? शाळेच्या वायफायवर मी पीडीएफ उतरवून घेते आणि मुलांच्या मोबाइलवर ब्लूटूथने देते. किविक्स नावाचं अ‍ॅप आहे, त्यात अख्खा मराठी विकिपीडिया एकदा उतरवला की नेट नसताना वाचता येतो. विकिपीडिया संदर्भ म्हणून लिहायचा नाही, पण लेखाच्या तळाशी दिलेले संदर्भ उघडून बघायचे, हे पाचवीतल्या मुलालाही कळतं.

आणि एक, माझ्या वर्गात एक मुलगी आहे, दृष्टी फारच कमी. तिच्यासाठी सुगम्य पुस्तकालय ही ऑनलाइन लायब्ररी आहे, २०१६ पासून, ज्यांना छापील वाचता येत नाही त्यांच्यासाठीच. तिथून पुस्तक ऐकायच्या स्वरूपात मिळतं. ओळखीत कोणी असेल तर जरूर सांगा.

अवनी_टीवाय

बाई, तुम्हाला मनापासून +१. मी पण मराठी माध्यमाची. पहिल्या वर्षी इंग्रजी पेपर उघडून रडू यायचं. आता आधी सारांश, मग थेट शेवटचा निष्कर्ष, मग मधलं, असं वाचते, आणि जो शब्द तीनदा आला तोच फक्त अर्थ बघून लिहून ठेवते.

एक विचारायचं होतं, वर्गातल्या बऱ्याच मुली चॅटजीपीटीला संदर्भ द्यायला सांगतात, चालतं का?

ग्रंथपाल_परळ

अवनी, यावर मला तळमळीने लिहायचंय. विषय समजून घ्यायला, अवघड परिच्छेद सोपा करून घ्यायला वापर, पण संदर्भ त्याच्याकडून घ्यायचे नाहीत. अस्तित्वातच नसलेले पेपर ते अगदी खऱ्यासारखे लिहून देतं, लेखक, वर्ष, जर्नल, पान नंबर सगळं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात वकिलांनी असेच चॅटजीपीटीने रचलेले खटले दाखले म्हणून दिले आणि ५,००० डॉलर दंड झाला. तेव्हा कुठूनही आलेला संदर्भ असो, त्याचं शीर्षक अवतरणचिन्हात गूगल स्कॉलरला टाक. सापडला, उघडला, निदान सारांश स्वतः वाचला, तरच यादीत घे. डीओआय नंबर, म्हणजे पेपरचा कायमचा ओळख क्रमांक, दिला असेल तर तो टाकून खरंच तोच पेपर उघडतो का बघ.

आणि पालकांसाठी, मुलांना मेल येतात की पैसे भरा, आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये पेपर छापून सर्टिफिकेट देतो. आविष्कार या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेच्या मोसमात तर पाऊस पडतो अशा मेलांचा. भरवशाच्या जर्नल्सची यूजीसीची केअर यादीसुद्धा २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे आता जबाबदारी आपल्यावरच आलीय. दोन दिवसांत छापतो म्हणणारा कोणीही पेपर वाचून तपासत नाही. एक रुपया देऊ नका.

मुलुंडकरीण

काय लिहू, सगळ्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. काल रात्री आम्ही तिघांनी, लेक, मी आणि तिचे बाबा, बसून स्कॉलरवर शास्त्रीय नाव टाकून बघितलं. 'ऑल व्हर्जन्स' दाबल्यावर पैसे मागणाऱ्या एका पेपरची मोकळी प्रत मिळाली. चिखलातल्या शेवाळावर पक्षी कसे जगतात त्याबद्दल आहे. बाबा परिच्छेद वाचत होते, लेक अर्थ लावत होती. मग ती म्हणाली, ओहोटीला चिखल उघडा पडतो म्हणून ते तेव्हाच खायला उतरत असतील, तर मी भरतीचं वेळापत्रक घेऊन शनिवार-रविवार स्वतः मोजेन. आता ऐरोलीच्या किनारी जैवविविधता केंद्रात जाऊन बघायचं ठरलंय.

झेरॉक्सवाल्याच्या नंबराखाली मी ग्रुपवर या धाग्याची लिंक टाकली. चार आयांनी वैयक्तिक मेसेज करून विचारलं की आमच्या मुलांना पण बसवता का तुमच्याबरोबर, तर रविवारी आमच्याच हॉलमध्ये बसायचं ठरवतोय.

शेवटचा प्रश्न, ईबर्डमधून घेतलेली माहिती आणि पेपर, हे वहीत लिहून कसं ठेवायचं म्हणजे शेवटी संदर्भसूची करताना धावपळ होणार नाही?

ग्रंथपाल_परळ

वाचायला घेतलं त्याच क्षणी लिहून ठेवायचं, नंतर नाही. पेपर असेल तर लेखक, वर्ष, शीर्षक, जर्नलचं नाव, खंड, पानं, आणि डीओआय असेल तर तो. त्याखाली एका ओळीत, मला यातून काय मिळालं, स्वतःच्या शब्दांत मराठीत. कॉम्प्युटर असेल तर झोटेरो हे फुकट सॉफ्टवेअर टाका, ब्राउझरमध्ये एक बटण येतं, दाबलं की सगळी माहिती आपोआप साठते आणि सूची तयार होते, पण नववीच्या मुलीने पहिल्यांदा हातानेच लिहावं असं मी सुचवेन.

साइटवरची माहिती असेल तर पाहिल्याची तारीख हवीच, कारण ईबर्डमध्ये रोज नव्या नोंदी पडतात आणि आज दिसणारी पट्टी महिन्याने बदललेली असू शकते. ठिकाणाचं नाव, कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंतच्या नोंदी निवडल्या तेही लिहायचं, चार्टच्या वरच ते दिसतं. आणि तिने स्वतः मोजलेले पक्षी असतील तर तारीख, वेळ, भरती किती वाजता होती, किती वेळ थांबली, बरोबर कोण होतं, हे सगळं त्याच दिवशी पेनाने. रविवारी मुलं जमली की प्रत्येकाला एकेक वही आणायला सांगा, आणि मी साडेचारनंतर मोकळी असते, व्हिडिओ कॉल लावलात तर शोधगंगा उघडून दाखवेन.